स्पेक्ट्रमचा एम्युलेटर: घड्याळ इन्स्ट्रक्शन संपल्यावर पुढे न्यायचं की प्रत्येक ॲक्सेसला?

दिवाळीत इंदूरहून भाचा आला होता. चिप-८ या छोट्या आभासी यंत्राचा इंटरप्रीटर त्याने लिहून पूर्ण केलाय, आता झेड-८० ला, म्हणजे स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाच्या प्रोसेसरला, हात घालायचाय. त्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, त्याला लिहायचाय. जेवताना म्हणाला, "मामा, आधी सोपा कोअर लिहितो, मग सवडीने अचूक करतो. चालेल ना?" (कोअर म्हणजे एम्युलेटरमधला प्रोसेसरची नक्कल करणारा भाग.) मला पटकन हो म्हणवेना. नेमकं असंच ठरवून मी सुरुवात केली होती आणि पुढची दोन वर्षं त्यातून बाहेर पडण्यात गेली. याच वळणावर उभे असलेले आणखीही कोणी असतील, म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहितोय.

वाटा मुख्यतः दोन. पहिलीत इन्स्ट्रक्शन अख्खी चालवायची, तिचे टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, एकदम घड्याळात मिळवायचे आणि मग स्क्रीन, आवाज वगैरेंना तिथपर्यंत ओढून आणायचं. दुसरीत मेमरी किंवा पोर्टला हात लागला रे लागला की तिथल्या तिथे घड्याळ पुढे सरकतं, मग इन्स्ट्रक्शन अर्धी का असेना.

पहिली वाट मला आजही आवडते. कोड वाचायला सरळ असतो, डीबगर लिहिणं सोपं जातं, आणि स्नॅपशॉट (यंत्राची त्या क्षणीची स्थिती साठवणं) तर आपसूक होतो, कारण एसएनए आणि झेड८० या स्नॅपशॉटच्या फाइलींमध्ये रजिस्टर इन्स्ट्रक्शनच्या सीमेवरचेच असतात. सीपीएम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं एखादं यंत्र करायचं असेल, जिथे प्रोसेसर आणि चित्र यांच्यात मेमरीसाठी ओढाताण नाही, तर मी कोणालाही हीच वाट सांगेन. माझा कोअर तीन आठवड्यांत उभा राहिला. झेक्सऑल ही झेड-८० ची चाचणी एका रात्री पूर्ण पास झाली तेव्हा मला वाटलं, झालं काम. तिच्यात नोंद नसलेल्या फ्लॅगपर्यंत सगळं तपासलं जातं, पण वेळ तपासली जात नाही, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

खरा त्रास सुरू झाला तो बॉर्डरच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या रंगीत चौकटीच्या, पट्ट्यावरून.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी बाबांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस अजून चालू अवस्थेत आहे. सिंक्लेअरचा परवाना घेऊन भारतात विकला गेलेला तो. त्याच्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला: दर २२४ टी-स्टेटला, म्हणजे स्क्रीनच्या प्रत्येक ओळीत एकदा, ठरावीक जागी बॉर्डरचा रंग बदलायचा आणि लगेच परत फिरवायचा. डाव्या कडेला एक उभा पट्टा दिसायला हवा. प्रोग्राम मेमरीत ४०००० या पत्त्यावर ठेवला तर जुन्या टीव्हीवर पट्टा वरपासून खालपर्यंत ओळंब्यात. तोच प्रोग्राम ३०००० वर ठेवला की वरच्या बॉर्डरमध्ये सरळ, चित्राच्या १९२ ओळी सुरू झाल्या की तिरका पळत सुटतो, आणि चित्र संपलं की पुन्हा सरळ. कारण असं: १६३८४ ते ३२७६७ या भागातून युएलए ही चित्र दाखवणारी चिप चित्र वाचत असते, आणि तेवढ्यात प्रोसेसरने तिथे हात घातला तर त्याला थांबवून ठेवते.

माझ्या एम्युलेटरमध्ये दोन्ही पट्टे ओळंब्यात. शिवाय दोन्ही जवळजवळ दोन अक्षरांइतके डावीकडे सरकलेले.

सरकण्याचं उत्तर लवकर सापडलं. आउट (२५४), ए या बॉर्डरचा रंग बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शनला ११ टी-स्टेट लागतात, पण पोर्टवरचं लिखाण होतं शेवटच्या चारांत. मी रंग इन्स्ट्रक्शनच्या सुरुवातीच्या वेळेला लावत होतो, आणि टीव्हीचा किरण एका टी-स्टेटमध्ये दोन पिक्सेल पुढे जातो. मग मी तिथे "अधिक ७" लिहिलं. पुढच्या आठवड्यात कोणीतरी आउट (सी), ए चा प्रश्न घेऊन आलं, तिथे "अधिक ८" लिहिलं. हे आकडे वाढत गेले.

तिरक्या पट्ट्याने मात्र हात टेकायला लावले. किती टी-स्टेट थांबवायचं याचा क्रम ६, ५, ४, ३, २, १, ०, ० असा आठ-आठ टी-स्टेटचा असतो, पहिला प्रत्येक फ्रेमच्या १४३३५ व्या टी-स्टेटला. (काही यंत्रांत युएलए तापली की हा आकडा एकाने सरकतो. फ्यूज या स्पेक्ट्रमच्या एम्युलेटरमध्ये 'लेट टाइमिंग्ज' हा पर्याय त्यासाठीच आहे.) मी आधी सरासरी २.६२५ धरून पाहिली. पट्टा तिरका झाला, पण खऱ्या यंत्रासारखा नाही. मग प्रत्येक इन्स्ट्रक्शनसाठी तक्ता केला. तोही पुरेना. इन्क (एचएल) ही मेमरीतलं मूल्य एकाने वाढवणारी इन्स्ट्रक्शन घ्या. तिच्यात कोड वाचणं ४, मूल्य वाचणं ३, आतला एक टी-स्टेट आणि मग लिहिणं ३, असे चार थांबे आहेत. पहिल्या थांब्यावर किती वेळ गेला यावर दुसऱ्यावर किती जाणार हे ठरतं. इन्स्ट्रक्शन संपल्यावर मागे वळून हे मोजायचं म्हणजे ती मनातल्या मनात पुन्हा चालवणं आलं. असं असेल तर ती पहिल्यांदाच तशी का चालवू नये?

मी वाट बदलली ती या एका गोष्टीपायी. वेगासाठी नाही, आणि अचूकतेच्या हौसेसाठीही नाही. एखादा गेम बिघडला अशी तक्रार आली की दुरुस्ती कुठे करायची हेच मला सांगता येत नव्हतं. एका गेमच्या कॅसेटसाठी बदललेला आकडा दुसऱ्या कॅसेटचं चित्र फाडायचा. प्रकल्प मुक्त आहे, कोणीही पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवू शकतं, पण पॅच बरोबर की चूक हे ठरवायला माझ्याकडेच मोजपट्टी नव्हती.

दुसऱ्या वाटेवर ती मोजपट्टी तयार मिळाली. फ्यूजच्या चाचण्यांमध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शनला कुठल्या टी-स्टेटवर कुठल्या पत्त्याला हात लागतो याची ओळीने नोंद आहे. ती फाइल माझ्या कोअरवर चालवली तेव्हा पहिल्याच दिवशी चुका नावानिशी समोर आल्या. गेल्या पावसाळ्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने डीजेएनझेड या उडी मारणाऱ्या इन्स्ट्रक्शनमधला एक राहून गेलेला टी-स्टेट दाखवून दिला. तिचा पॅच एका ओळीचा होता. तक्त्यात ४, १, ३ आणि उडी मारायची असेल तर आणखी ५, कोडमध्ये त्याच क्रमाने फंक्शनला चार हाका. मला तो तपासायला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला.

या वाटेची किंमतही आहे, ती झाकून ठेवत नाही. सुरुवातीला लिहिणं वाढतं, माझ्या अंदाजाने दुपटीच्या आसपास. सगळ्या रीड-राइट एकाच दारातून न्याव्या लागतात आणि डीबगरसाठी चुकून एखादं रीड त्या दारातून गेलं तर घड्याळ उगाच पुढे पळतं. या चुकीने माझा एक आख्खा रविवार खाल्ला. वेग थोडा कमी होतो, पण माझ्या आठ वर्षांच्या लॅपटॉपचा पंखासुद्धा त्याने फिरत नाही.

याहीपुढची एक वाट आहे: एकेका टी-स्टेटला प्रोसेसरच्या पिना हलवायच्या. कमोडोर ६४ या संगणकासाठी व्हाइस या एम्युलेटरमध्ये एक्स६४ च्या शेजारी एक्स६४एससी आला, तो अशाच बारीक पायरीचा. त्या यंत्राला ते लागतंही. ४८ के स्पेक्ट्रमपुरतं बोलायचं तर मला त्याची गरज पडली नाही, पण कुणाला पडली असेल तर मी वाद घालणार नाही.

तेव्हा नुसतं झेड-८० समजून घ्यायचं असेल, किंवा दोन महिन्यांत काहीतरी चालतं दिसायला हवं असेल, तर पहिली वाट चुकीची म्हणवत नाही. पण कोड चारचौघांत ठेवणार असाल आणि पाच वर्षं सांभाळणार असाल, तर निदान वाचा-लिहायची फंक्शनं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा आणि घड्याळ त्यांच्या आत ठेवा. आत आज कंटेन्शन (युएलएने प्रोसेसरला थांबवणं) नसलं तरी चालेल, ते नंतर एका जागी घालता येतं.

भाच्याला मी एवढंच करायला लावलं. परवा त्याने फोटो पाठवला: ३०००० वरचा पट्टा, चित्राच्या पहिल्या ओळीपासून तिरका. माळ्यावरून टीव्ही काढून मी तो बाबांच्या यंत्राशी ताडून पाहिला. चौथ्या ओळीत एक टी-स्टेट कमी पडतोय, तेवढं त्याला कळवलंय.