अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि साडेतेवीस हजार रुपये

सावंतवाडीतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी तीन वर्षांपासून लाकूड कोरण्याचे सीएनसी राउटर यंत्र, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कटर फिरवून नक्षी कोरणारे यंत्र, चालवतो. घरांच्या पाट्या, देव्हाऱ्यांच्या कमानी अशी बेताची कामे असतात. गेल्या पावसाळ्यात कोरीव काम निम्म्यावर आले की यंत्र मध्येच थांबू लागले आणि पडद्यावर ‘अलार्म १’ उमटू लागला. जीआरबीएल या नियंत्रक सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या यंत्रात या अलार्मचा अर्थ असा, की एखाद्या अक्षाच्या टोकाला बसवलेला सेन्सर लागला आहे आणि यंत्र कडेला धडकण्याच्या बेतात आहे. प्रत्यक्षात कटर फळीच्या मधोमध असे. अशा वेळी यंत्राची जागा चुकते, आणि पुन्हा होमिंग करून, म्हणजे यंत्राला त्याच्या मूळ कोपऱ्यात नेऊन, सुरुवात केली तरी रेषेवर रेष जुळेलच असे नाही. सागवानाच्या दोन कमानी वाया गेल्यावर मी ओळखीतून कळलेल्या एका दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले.

त्याने आल्या आल्या खिशातून अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी काढली आणि ती एक्स अक्षाच्या सेन्सरसमोर साधारण तीन मिलिमीटरवर धरली. सेन्सरच्या पाठीमागचा लाल दिवा लागला नाही. तेच त्याने वाय आणि झेड अक्षांवर करून दाखवले. “काका, तिन्ही आंधळे झालेत बघा. सेन्सर असे गेले की कार्डही गोंधळतं, तेही बदलावं लागेल,” असे तो म्हणाला. कार्ड म्हणजे यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. सेन्सरवर चार मिलिमीटर हे अंतर छापलेले मी स्वतः वाचले होते, त्यामुळे मला ते पटले. मुळात आंधळा झालेला सेन्सर नसलेली वस्तू दिसल्याचा इशारा कसा देईल, हा साधा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही, याची आजही लाज वाटते.

तो कार्ड आणि दोन जुने सेन्सर घेऊन गेला आणि चार दिवसांनी ‘नवे’ कार्ड व तीन नवे सेन्सर बसवून गेला. पंधरा हजार रुपये मी यूपीआयने दिले. उरलेले साडेआठ हजार त्याने रोख मागितले, कारण पक्के बिल केले तर वर १८ टक्के जीएसटी भरावा लागेल, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या देखत अर्धा तास यंत्र बिनबोभाट चालले, पण त्या अर्ध्या तासात त्याने स्पिंडल, म्हणजे कटर गरगर फिरवणारी मोटर, सुरूच केला नव्हता. कटर नुसता हवेत इकडून तिकडे सरकत होता आणि मी ते कौतुकाने पाहत होतो. तिसऱ्या दिवशी अलार्म १ परत आला.

मग मी स्वतः पाहायला बसलो. जीआरबीएलची सेटिंग्ज उघडली तेव्हा एक्स अक्षाचा आकडा, म्हणजे एक मिलिमीटर सरकायला मोटरला लागणारी पावले, ३१९.२४ होता. हिशेबाने तो ३२० यायला हवा; मी पट्टीने मोजून मोजून तो ३१९.२४ वर आणला होता. ही सेटिंग्ज कार्डावरच्या चिपमध्येच साठवलेली असतात, म्हणजे नव्या कार्डात माझा आकडा आपोआप येणार नाही. फोनवर विचारले तेव्हा “तुमचेच आकडे नव्या कार्डात भरले,” असे उत्तर मिळाले, आणि तसे करता येते हे खरेच आहे. पण कार्डाचा खोका उघडून पाहिले तर एका टर्मिनलच्या स्क्रूवर लाल ठिपका होता. तो स्क्रू ढिला होत असे म्हणून मागच्या वर्षी मीच त्यावर मुलीच्या नेलपॉलिशचा थेंब सोडला होता. कार्ड माझेच होते, फक्त धूळ पुसून आणलेले.

झेड अक्षाचा जुना सेन्सर त्याच्याकडून राहून गेला होता. तो मला भुसा झाडताना सापडला. त्याची तपकिरी वायर १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरच्या धन टोकाला आणि निळी ऋण टोकाला जोडून समोर लोखंडी बोल्ट आणला, तर साडेतीन मिलिमीटरवरच दिवा लागला. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मात्र दीड मिलिमीटरपर्यंत जवळ न्यावी लागली. हे प्रेरक (इंडक्टिव्ह) जातीचे, म्हणजे धातू न शिवता ओळखणारे, सेन्सर असतात आणि त्यांच्यावर छापलेले अंतर लोखंडासाठी असते. अ‍ॅल्युमिनियम, तांबे आणि पितळ यांच्यासाठी ते निम्म्याहून कमी होते. माझ्या यंत्रावर सेन्सरसमोर येतो तो लोखंडी बोल्टच. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची निवडणे हा अज्ञानाचा भाग नव्हता, असे माझे ठाम मत आहे.

खरा दोष वायरींमध्ये होता. स्पिंडल बंद ठेवून तीच फाइल तासभर हवेत चालवली, तर एकही अलार्म आला नाही. स्पिंडल सुरू करताच पाच मिनिटांत आला. जीआरबीएलला प्रश्नचिन्ह पाठवले की ते यंत्राची स्थिती कळवते, आणि कुठला सेन्सर लागलेला असेल तर त्या उत्तरात ‘पीएन’पुढे त्या अक्षाचे अक्षर दिसते. स्पिंडल फिरत असताना यंत्र जागेवर उभे असूनही तिथे एक्स मधूनमधून चमकून जात होते. सेन्सरची बारीक वायर आणि स्पिंडलची जाड वायर एकाच केबल चेनमधून (वायरी सांभाळणाऱ्या साखळीतून) गेली होती, सेन्सरच्या वायरीला शील्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारे धातूचे वेष्टन, नव्हते, आणि माझ्या कार्डात सेन्सर व चिप यांना विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणारा ऑप्टोकपलर नसून फक्त एक डायोड आहे. त्यामुळे स्पिंडलच्या वायरीतला गोंधळ सेन्सरच्या वायरीत शिरून खोटा इशारा देत होता. मी शील्ड असलेली केबल घेतली, ती स्पिंडलच्या वायरीपासून वेगळ्या वाटेने नेली, तिचे शील्ड फक्त खोक्याच्या बाजूला अर्थ केले आणि प्रत्येक इनपुटवर असा गोंधळ गाळण्यासाठी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. एकूण खर्च ६४० रुपये आला. त्यानंतर आजपर्यंत अलार्म आलेला नाही.

ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांना माझी विनंती आहे, की सेन्सर तपासून दाखवणाऱ्याला यंत्रावरच्या बोल्टच्याच धातूने तो तपासायला सांगावे, चाचणी स्पिंडल आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर सुरू ठेवून घ्यायला लावावी, आणि जुने सुटे भाग पैसे चुकते होण्याआधी आपल्या ताब्यात ठेवावेत. कार्डावर आपली एखादी खूण आधीच करून ठेवली तर उत्तमच.

तो आता फोन उचलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायचा अर्ज तयार करत आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. लाल ठिपक्याचा फोटो, बोल्टसमोर दिवा लागलेल्या सेन्सरचा व्हिडिओ आणि यूपीआयची पावती सोबत जोडली आहे. रोख दिलेले साडेआठ हजार रुपये अर्जात लिहिले आहेत, पण त्यांच्यासाठी जोडायला काहीच नाही.