पंप जोडताना: ग्लँड दोरी की मेकॅनिकल सील, बेअरिंग ठोकून की तापवून?

पंप उघडलाच आहे, तर बेअरिंग आणि सील दोन्ही आत्ताच बदलून घ्यावं, हे कुणालाही पटतं. अडतं ते पुढे. ग्लँडमध्ये, म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो त्या जागी, गळती अडवायला पुन्हा दोरीच भरायची की मेकॅनिकल सील बसवायचं? बेअरिंग ठोकून बसवायचं की तापवून? हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण बेअरिंग बऱ्याचदा मरतं ते सीलमधून आलेल्या पाण्याने. ग्लँड फवारा मारतो, पाणी शाफ्टवरून सरकत हाऊसिंगमध्ये शिरतं, ग्रीस ताकासारखं पांढरं होतं आणि नवंकोरं बेअरिंग एका हंगामात आवाज करायला लागतं. म्हणून सीलचं आधी ठरवावं.

सीलचं ठरतं पाण्यावरून. वर्धा किंवा वैनगंगेच्या काठावर पंप असेल, तर श्रावणात पाण्याबरोबर गाळ आणि बारीक रेती येणारच. नेहमीच्या मेकॅनिकल सीलमध्ये एकमेकांना टेकलेले दोन फेस, म्हणजे सपाट पृष्ठभाग असतात, एक कार्बनचा आणि एक सिरॅमिकचा. दोन्ही आरशासारखे घासलेले. त्यांच्यात रेती गेली की चरा पडतो आणि गळती अचानक सुरू होते. मग नट आवळून भागत नाही, पंप पुन्हा उघडावा लागतो, आणि नेमक्या मापाचं सील तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. दोरीलाही रेती छळते, स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली नळी) खाते. पण दोरी हळूहळू बिघडते, सांगून बिघडते. नट थोडा आवळून काम पुढे रेटता येतं. नदीच्या पाण्याला माझं मत दोरीच, आणि लँटर्न रिंगमधून (दोरीच्या कड्यांमध्ये बसणारी भोकांची रिंग) स्वच्छ पाण्याची बारीक लाइन. मेकॅनिकल सीलच हवं असेल तर दोन्ही फेस सिलिकॉन कार्बाइडचे घ्या. ते महाग पडतात, पण रेतीपुढे टिकतात.

विहिरीचं किंवा बोअरचं स्वच्छ पाणी असेल तर पारडं फिरतं. दालमिलमध्ये किंवा गावच्या नळयोजनेवर मेकॅनिकल सील जास्त शहाणपणाचं. थ्री-फेज लाइन रात्री येते, ऑटो स्टार्टर पंप सुरू करतो, ग्लँडकडे पाहायला तिथे कुणी नसतं. दोरीला मात्र रोजची नजर लागते. शिवाय ती थोडी गळलीच पाहिजे, सेकंदाला साधारण एक थेंब. त्याच थेंबांनी ती थंड राहते. गळती दिसली की आवळून कोरडी करायची सवय आपल्याकडे इतकी पक्की आहे की दोरी जळते आणि स्लीव्हवर खाचा पडतात. फक्त एक अट: उन्हाळ्यात विहीर तळाला जात असेल तर ड्राय-रन संरक्षण (पाणी संपलं की पंप बंद करणारं) लावल्याशिवाय मेकॅनिकल सील लावू नका. कोरडं चाललं की ते मिनिटांत तडकू शकतं.

तांदळाच्या गिरणीतलं उकड्याचं गरम पाणी असेल तर सीलचं रबर नायट्राइलऐवजी ईपीडीएमचं मागा. जिनिंगच्या आगीच्या पंपाला मी दोरीच सुचवेन. कापसाचा हंगाम संपला की तो महिनोन्महिने उभा राहतो, सीलचे फेस एकमेकांना चिकटतात. आग लागली त्या क्षणी थोडा गळणारा पंप चालेल, सील फुटलेला चालणार नाही. उभ्या काळात आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवा, म्हणजे बेअरिंगही एकाच जागी गंजत बसणार नाही.

दोन्हींची जोडणी अगदी वेगळी आहे. “भाऊ, दोरी टाकून देऊ, झालं,” असं मिस्त्री म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा एकच लांब दोरी गोल-गोल गुंडाळून कोंबली जाते. स्लीव्हच्याच मापाच्या दांड्यावर गुंडाळून वेगवेगळ्या कड्या कापा. एकेक कडी आत बसवा, प्रत्येकीचा जोड आधीच्या जोडापासून ९० अंश फिरवा. लँटर्न रिंग पाण्याच्या भोकासमोर येते का ते मोजून पाहा. जुन्या स्लीव्हवरून नख फिरवा. अडकलं तर स्लीव्ह बदला, नाहीतर नवी दोरीही गळेल. मेकॅनिकल सीलच्या फेसला बोट लावायचं नाही. रबर सरकवायला साबणाचं पाणी वापरा. ईपीडीएमला ग्रीस किंवा तेल लागलं की ते फुगतं. पंप सुरू करण्याआधी पाणी भरून हवा काढा.

आता बेअरिंग. उघडं, म्हणजे बाजूंना झाकण नसलेलं असेल तर तापवणं केव्हाही चांगलं. ६३०८ नंबरच्या बेअरिंगचं भोक ४० मिमी. शाफ्टपेक्षा ७० अंश जास्त तापलं की ते साधारण ०.०३ मिमी मोठं होतं आणि हाताने सरकतं. तेलाच्या भांड्यात, थर्मामीटर ठेवून, ११० अंशांच्या आत. गॅसची थेट ज्योत नको. बसल्यावर थंड होईपर्यंत शाफ्टच्या खांद्याला दाबून धरा, नाहीतर आकसताना फट राहते. दोन्ही बाजूंनी रबर असलेलं २आरएस किंवा पत्रा असलेलं झेडझेड बेअरिंग मात्र तेलात टाकू नका, आतलं ग्रीस जातं. त्याला पाइप टेकवून प्रेसने दाबा. शाफ्टवर चढवताना जोर फक्त आतल्या रेसवर (गोळ्या ज्यावर फिरतात ते कडं), हाऊसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या. उलटं केलं की गोळ्यांच्या वाटेवर खळ्या पडतात आणि पहिल्याच दिवसापासून घरघर येते. बाहेरच्या रेसला पुलर लावून काढलेलं बेअरिंग परत घालू नका, वरून चांगलं दिसलं तरी.

गावात तापवायची सोय नसेल तर पाइप आणि प्रेसनेही काम नीट होतं. हातोडी आणि छिन्नीने होत नाही. जुन्या बेअरिंगवर सी-३ (आत जरा जास्त मोकळीक असल्याची खूण) लिहिलेलं असेल तर नवंही सी-३ घ्या. उघड्या बेअरिंगच्या हाऊसिंगमध्ये ग्रीस अर्ध्याच्या आत ठेवा. ठासून भरलं तर ते घुसळून तापतं. मे महिन्यात हाऊसिंगला हात लावून तापमानाचा अंदाज बांधू नका, शेडमधलं लोखंड तसंही चटकाच देतं. थर्मामीटर लावून पहिल्या तासाचा आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून पाहा.