इटालियन आडनावाचा माग: नकाशे, विकतची कुळपत्रं आणि 'आंतेनाती' पोर्टल

इटालियन आडनावाचा उगम, अर्थ आणि प्रसार सांगणाऱ्या सेवा ढोबळमानाने तीन जातींच्या. पहिली, आडनाव टाकलं की इटलीच्या नकाशावर ठिपके दाखवणारी संकेतस्थळं. दुसरी, पैसे घेऊन कुळाचा इतिहास आणि ढालीवरचं चिन्ह छापून देणारी दुकानं. तिसरी, इटलीच्या संस्कृती मंत्रालयाच्या अभिलेख विभागाचं 'आंतेनाती' हे पोर्टल, जिथे जन्म, विवाह, मृत्यूच्या मूळ नोंदवह्या पानागणिक पाहता येतात, नोंदणी न करता आणि फुकट. कौल आधीच देऊन टाकतो: नकाशा जरूर पाहावा, पण पाच मिनिटं; कुळपत्र घेऊ नये; बाकीचा वेळ आंतेनातीला द्यावा. अडचण एवढीच, की आंतेनाती गाव विचारतं आणि बहुतेकांकडे फक्त आडनाव असतं. म्हणून नकाशा लागतोच.

नकाशा कुठे कामाला येतो हे फेरारी या आडनावावरून छान कळतं. फेरारी म्हणजे लोहाराचं घर. हाच धंदा वायव्येकडच्या प्येमोंतेत फेरेरो होतो, रोमान्या आणि तोस्कानात फाब्ब्री, ईशान्येच्या व्हेनेतो-फ्रिउलीकडे फाव्हारो नि फाब्रिस, दक्षिणेत फेरारो. ही सगळी आडनावं एकेक करून नकाशावर टाकली की बोलीभाषांच्या सीमाच उमटतात. रोस्सी आणि रुस्सो हे तसंच दुसरं जोडपं: दोन्हींच्या मुळाशी तांबूस केस, दाढी किंवा वर्ण. रोस्सी उत्तर-मध्य इटलीत दाट, रुस्सो दक्षिणेत. शेवटचा 'ई' हा उत्तर-मध्य भागाचा कल, 'ओ' दक्षिणेचा. त्रेव्हिझान, फुर्लान अशी 'न'वर तुटणारी नावं व्हेनेतोकडची. पीरास, मेलिस, सान्ना दिसलं की आधी सार्डिनिया गाठावं.

आता नकाशा कुठे फसवतो ते. असे नकाशे बहुतेक टेलिफोन डिरेक्टरीवर उभे असतात. एका घराचा एक फोन, तोही बहुधा नवऱ्याच्या नावावर. मोबाइलवाले त्यात नाहीतच. म्हणजे आकडा माणसांचा नसून जोडण्यांचा असतो. ही संख्या 'कुटुंबं' म्हणून छापली जाते आणि लोक तिला लोकसंख्या समजतात. दुसरा घोळ मोठा आहे. 1950 आणि 60च्या दशकांत दक्षिणेतून तोरीनो, मिलानोच्या कारखान्यांकडे प्रचंड स्थलांतर झालं, त्यामुळे कोणतंही दाक्षिणात्य आडनाव टाका, तोरीनो आणि मिलानोवर मोठा ठिपका येणारच. रोमचंही तेच. महानगरांचे ठिपके सरळ बाजूला ठेवावेत आणि इटलीतल्या सुमारे 7,900 कोमूने, म्हणजे नगरपालिकांपैकी ज्या लहान कोमूनेत हे आडनाव लोकसंख्येच्या मानाने दाट आहे ती शोधावीत. नुसती संख्या दाखवणाऱ्या नकाशापेक्षा दर हजारी प्रमाण दाखवणारा नकाशा दसपट उपयोगाचा. शेजारशेजारच्या दोन-तीन डोंगरी गावांत एक दुर्मीळ आडनाव गच्च भरलेलं दिसलं, तर जवळपास काम झालं म्हणा. रोस्सी असाल तर मात्र नकाशा बंद करून घरातली जुनी कागदपत्रं काढलेली बरी. देशातलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे ते.

गावावरून पडलेल्या आडनावांचा उलटा न्याय तर पहिल्यांदा बघणाऱ्याला चकवतोच. लोंबार्दो, म्हणजे उत्तरेतल्या लोंबार्दीचा, हे आडनाव सिसिलीत भरपूर आहे. माणूस उत्तरेकडून आला म्हणूनच तिथल्यांनी त्याला तसं म्हटलं. आपल्याच गावात गावाच्या नावाने कोण कुणाला ओळखणार? मेस्सीना, जेनोव्हेझे, कातालानो यांनाही हेच लागू. आणि गावाचं नाव असलेलं प्रत्येक आडनाव ज्यू कुटुंबाचं, ही समजूत नुसती ऐकीव. ज्यू कुटुंबांत अशी आडनावं आहेत हे खरं, पण ख्रिस्ती कुटुंबांत त्याहून कितीतरी जास्त आहेत.

'अर्थ' या रकान्याखाली फुकट संकेतस्थळं जे देतात ते बरेचदा बरोबर असतं, फक्त अपुरं. एस्पॉझितो घ्या. लॅटिनमधल्या 'बाहेर ठेवलेला' या शब्दापासून, टाकून दिलेल्या मुलांचं आडनाव, नेपल्समध्ये सर्वाधिक. एवढं सगळे सांगतात. नेपल्सच्या आन्नुंत्सियाता संस्थेच्या भिंतीत फिरतं लाकडी चाक होतं, बाहेरून मूल ठेवायचं, आतून घ्यायचं, आणि ते 1875 मध्ये बंद झालं, हेही काही जण सांगतात. न सांगितलेली गोष्ट अशी की त्यामुळे दोन एस्पॉझितो कुटुंबांत रक्ताचं नातं असण्याचं कारणच उरत नाही. हे आडनाव शेकडो वेळा, शेकडो वेगवेगळ्या मुलांपासून सुरू झालं. मिलानोचं कोलोंबो तसंच: तिथल्या मोठ्या रुग्णालयाचं चिन्ह कबुतर, आणि तिथे सोडलेल्या मुलांना 1825 पर्यंत कोलोंबो नाव मिळत असे. पण प्रत्येक कोलोंबो तिथलाच असं नाही; कबुतरावरून पडलेलं जुनं व्यक्तिनामही आहे, दर्यावर्दी क्रिस्तोफोरोचं, म्हणजे कोलंबसाचं, घराणं जेनोव्हाचं होतं. फ्लोरेन्समध्ये इन्नोचेंती, रोममध्ये प्रोयेत्ती, सिसिलीत त्रोवातो ही याच कुळीतली नावं. अशा आडनावांसाठी प्रसाराचा नकाशा संस्थेचा पत्ता दाखवतो, पूर्वजाचा नाही.

विकतच्या कुळपत्रांवर फार शब्द खर्च करण्यासारखे नाहीत. त्यांतला मजकूर बहुधा त्याच फुकट संकेतस्थळांवरचा, नक्षीदार कागदावर. खरी गोम चिन्हाची आहे. ढालीवरचं चिन्ह एका घराण्याला मिळतं, आडनावाला नाही. फेरारी नावाच्या एखाद्या सरदाराकडे चिन्ह होतं म्हणून बाकीच्या फेरारींचा त्याच्याशी संबंध लागत नाही. शिवाय 1948 पासून लागू झालेल्या इटलीच्या राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्यांना मान्यता ठेवलेली नाही, त्यामुळे 'अधिकृत' हा शब्द अशा कागदावर दिसला तर समजून जावं. भिंतीवर लावायला हवंच असेल तर हरकत नाही, संशोधन म्हणून नको.

आता आंतेनाती. उघडल्यावर दोन दारं दिसतात: नावाने शोध आणि नोंदवह्यांतून शोध. नवखा माणूस पहिल्या दाराने शिरतो, त्याला काही सापडत नाही आणि तो पोर्टल बंद करतो. नावाने शोध फक्त ज्या नोंदींची सूची तयार झाली आहे त्यांच्यातच चालतो. कितीतरी वह्यांची नुसती छायाचित्रं आहेत. म्हणून सरळ दुसऱ्या दाराने जावं. क्रम असा: आधी प्रांताचं राज्य अभिलेखागार, मग नोंदसंग्रह (म्हणजे कोणत्या राजवटीतल्या नोंदी), मग कोमूने, मग वर्ष, मग प्रकार. 'नाती' म्हणजे जन्म, 'मात्रिमोनी' विवाह, 'मोर्ती' मृत्यू, 'आल्लेगाती' विवाहाला जोडलेली कागदपत्रं.

नोंदसंग्रह निवडताना इतिहास थोडा माहीत हवा, नाहीतर रिकाम्या कपाटात हात जातो. नेपोलिअनच्या काळातली नागरी नोंदणी उत्तरेत साधारण 1806 ते 1815, नेपल्सच्या राज्यात 1809 पासून. नेपोलिअन गेल्यावर नेपल्सने ती चालू ठेवली, सिसिलीत ती 1820 मध्ये आली, पण व्हेनेतोत काम पुन्हा पाद्र्यांकडे गेलं ते 1871 पर्यंत. एकत्र झालेल्या इटलीची नोंदणी, तेव्हा त्या राज्यात असलेल्या भागांत, 1 जानेवारी 1866 पासून; व्हेनेतो नंतर सामील झालं. म्हणजे व्हेनेतोतला 1840चा जन्म आंतेनातीवर दिसला नाही तर पोर्टल अपुरं असं नाही; तो चर्चच्या वहीत असणार. दक्षिणेतल्या कुटुंबांचं नशीब याबाबतीत खूपच चांगलं.

वही उघडली की पहिल्या पानापासून वाचत बसू नये. शेवटची पानं काढावीत, तिथे वर्षाची सूची असते. जुन्या वह्यांत ही सूची आडनावाऐवजी पहिल्या नावाप्रमाणे लावलेली सापडते, त्यामुळे 'र' खाली रुस्सो नाही म्हणून घाबरू नये, जुझेप्पे खाली बघावं. 1866 नंतरच्या काळासाठी दहा-दहा वर्षांच्या सूच्या आहेत, 1866 ते 1875, 1876 ते 1885 अशा. त्या जिथे चढवलेल्या आहेत तिथे तासांचं काम मिनिटांवर येतं.

अक्षर हा खरा अडसर. जुन्या हस्ताक्षरात जोड 'स'मधला पहिला लांब, 'फ'सारखा काढलेला असतो. रोस्सी आणि रुस्सो, दोन्हींत नेमका तोच. सूची करणाऱ्यांनी तो 'फ' वाचला असेल तर नावाच्या शोधात तुमचा पूर्वज कधीच येणार नाही. चुकीचं स्पेलिंगही टाकून पाहावं. तारखा अक्षरी लिहिलेल्या असतात, आणि महिन्यांची लघुरूपं मारकी आहेत: 7 आकड्यापुढे 'ब्रे' म्हणजे सप्टेंबर, 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 नोव्हेंबर, रोमन दहा डिसेंबर. जुलै-ऑगस्ट समजून कित्येक वंशावळी दोन महिने सरकल्या आहेत.

'जुझेप्पे फू आंतोनियो' यातलं 'फू' आडनाव नाही. बाप आंतोनियो त्या वेळी हयात नव्हता एवढंच ते सांगतं. बाप जिवंत असेल तर 'दी'. एकाच माणसाच्या दोन नोंदींत 'दी' जाऊन 'फू' आलं की बापाच्या मृत्यूची नोंद कोणत्या वर्षांमध्ये शोधायची ते आपोआप ठरतं. बायका इटलीच्या नोंदींत शेवटपर्यंत माहेरच्या आडनावाने राहतात, म्हणून आजीला सासरच्या नावाने शोधणं व्यर्थ. आणि व्हेनिसजवळच्या कियोज्जाचा कुणी असेल तर तयारीने जावं: तिथे बोस्कोलो आणि तियोत्सो इतके आहेत की घराण्याचं टोपणनाव अधिकृत आडनावाचाच भाग झालं आहे. शोधात कधी एक भाग टाकावा लागतो, कधी दोन्ही.

पोर्टलचं सोनं 'आल्लेगाती'त आहे, आणि तिकडे फार कमी लोक फिरकतात. नेपल्सच्या राज्यात लग्नाला वडिलांची संमती लागे. वडील वारले असतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखला, आणि मग आजोबांची संमती किंवा त्यांच्याही मृत्यूचा दाखला. वधूवरांच्या बाप्तिस्म्याचे उतारेही त्यातच. 1820च्या एका लग्नाच्या पुडक्यातून अठराव्या शतकातला पणजोबा हाती लागू शकतो, तोही चर्चच्या दारात न जाता. पुडकी मोठी, क्रम विस्कटलेला, सूची बहुधा नाही. विवाहनोंदीचा क्रमांक टिपून ठेवावा आणि त्यावरून पुडक्यात उतरावं. तसंच जन्मनोंदीची समासातली टीप वाचल्याशिवाय पान उलटू नये. लग्न कुठे, कधी, कुणाशी झालं ते तिथे बरेचदा लिहिलेलं असतं.

उणिवा आहेत. सगळे प्रांत सारखे भरलेले नाहीत, आणि मधली वर्षं गायब असतात. अशा वेळी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्याच वह्यांच्या प्रती पाहाव्यात. काही प्रती मात्र फॅमिलीसर्चच्या केंद्रात जाऊनच उघडतात. जन्माच्या सत्तर वर्षांच्या आतल्या नोंदी खासगीपणाच्या नियमामुळे दिसणार नाहीत. प्रांतांच्या सीमाही सरकल्या आहेत: गाएता आज लात्सियोत, पण 1927 पर्यंत तेर्रा दी लावोरोत, म्हणजे कासेर्ताच्या बाजूला होतं. गाव सापडत नसेल तर आधी त्याचा जुना प्रांत आणि जुनं नाव तपासावं. सापडलेल्या पानाचा कायमचा दुवा पोर्टल देतं, तो लगेच उतरवून ठेवावा, नाहीतर तेच पान पुन्हा शोधताना अख्खी संध्याकाळ जाते.

आंतेनातीवरचं छायाचित्र कायदेशीर दाखला म्हणून चालत नाही; तो कोमूनेकडूनच घ्यावा लागतो. 2025 पासून शंभर वर्षांहून जुन्या, दुसऱ्या व्यक्तीच्या नोंदींच्या दाखल्यासाठी कोमूने 300 युरोपर्यंत शुल्क लावू शकतात. त्यामुळे 'अमुक आडनावाचे सगळे दाखले पाठवा' असं पत्र आता परवडणारं नाही. नोंदीचं वर्ष, भाग आणि क्रमांक पोर्टलवरून काढून, तेवढाच एक दाखला मागवावा.