झेनॉन बल्ब: ४३०० केल्विन की ६००० केल्विन?

कंपनीतूनच झेनॉन हेडलाइट आलेल्या गाडीचा बल्ब बदलताना दुकानदार हमखास विचारतो, साधा पांढरा हवा की निळसर? केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा, तितका रंग निळसर. माझा कौल ४३०० केल्विनच्या पांढऱ्याला. ३५ वॅटचा मूळ डी२एस प्रकारचा झेनॉन बल्ब याच रंगाच्या आसपास सुमारे ३२०० ल्युमेन (म्हणजे एकूण उजेड) देतो. ६००० चा निळसर पांढरा उजेड देखणा आहे, कोरड्या हायवेवर पाट्या झळकवतो. पण तेवढ्याच वॅटमध्ये प्रकाश सहसा कमी पडतो, आणि पावसात ओल्या डांबरावर खड्डे, पट्टे ओळखताना मला ४३०० च बरा वाटतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांनाही तो कमी खुपतो.

रंग कोणताही घ्या, बल्ब जोडीनेच बदला. झेनॉन जुना होताना रंग सरकतो, उजेड उतरतो; एकच बदलला की दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात.

जुन्या बल्बवरचा प्रकार वाचल्याशिवाय नवा घेऊ नका. डी१एस आणि डी३एस दिसायला सारखे, पण पहिला सुमारे ८५ व्होल्टवर चालतो, दुसरा ४२ वर. पेटताना तर २० हजार व्होल्टच्या आसपास झटका असतो. म्हणून आधी दिवे बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, आणि बल्बच्या काचेला बोट अजिबात लावायचं नाही.