ड्रॉ शीट, रोलर बोर्ड की हवेची गादी? : शस्त्रक्रियेनंतर रुग्ण टेबलावरून ट्रॉलीवर घेताना

छोट्या रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरसाठी यांपैकी एखादे साधन निवडताना किमतीआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : भूल उतरली नसलेल्या रुग्णाला दुखते आहे असे सांगता येत नाही, आणि पाठीतून भूल दिलेला रुग्ण गप्पा मारत असला तरी कमरेखाली काय घासते आहे ते त्याला कळत नाही.

ड्रॉ शीट, म्हणजे अंगाखालची दुमडलेली चादर, सगळीकडे असते आणि तिला वेगळा खर्च नाही. मात्र ती खांद्यापासून मांडीपर्यंतच पुरते, त्यामुळे टाचा गादीवरून फरफटत येतात. माकडहाडावरची त्वचा जागेवर अडकली आणि आतले हाड पुढे सरकले की मधल्या ऊती ताणल्या जातात. त्याची खूण कधी कधी दोन-तीन दिवसांनी दिसते, तोवर दोष वॉर्डाच्या माथी गेलेला असतो. घासू नये म्हणून उचलावे, तर भार माणसांवर येतो. रुग्ण हाताने उचलताना एका व्यक्तीवर सुमारे १६ किलोपेक्षा अधिक भार नसावा, असे अमेरिकेतील ‘नायोश’ ही कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारी सरकारी संस्था सांगते; ७० किलोचा रुग्ण चौघांनी अगदी समान वाटून घेतला तरी प्रत्येकी साडेसतरा किलो होतात, आणि धडाकडच्या दोघांना तर त्याहून जास्त.

रोलर बोर्ड, म्हणजे रुग्णाला सरकवण्यासाठीची फिरत्या रुळांची फळी, टेबल आणि ट्रॉली यांच्यामधल्या फटीवर पुलासारखा बसतो, हा त्याचा मोठा गुण. तो खाली सारण्यासाठी रुग्णाला कुशीवर कलवावे लागते आणि त्या वेळी मान भूलतज्ज्ञाच्याच हातात असावी लागते. मणक्याची शस्त्रक्रिया असेल तर डोके, धड व पाय एका रेषेत, ओंडक्यासारखे वळवणे आवश्यक असते.

हवेच्या गादीत पंप हवा भरतो, ती तळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते आणि घर्षण खूपच कमी होते. स्थूल रुग्णांसाठी हिला तोड नाही. पण ती महाग असते, तिला वीज लागते आणि रुग्ण इतका सहज सरकतो की पलीकडच्या बाजूला थोपवणारे हात नसतील तर तीच धोक्याची ठरते.

माझ्या मते वीस-पंचवीस खाटांच्या रुग्णालयाने आधी रोलर बोर्ड घ्यावा; गादी मात्र स्थूल रुग्णांच्या किंवा हाडांच्या शस्त्रक्रिया नियमित होत असतील तरच घ्यावी. चौथ्या माणसाची गरज मात्र कोणत्याच साधनाने टळत नाही. लघवीची पिशवी टेबलाच्या पलीकडच्या दांडीला तशीच लटकत राहिली, तर सर्वांत महागडी गादीसुद्धा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, खेचूनच रुग्णाला ट्रॉलीवर नेईल. म्हणून चाकांचे ब्रेक लागले आहेत, नळ्या सुट्या आहेत आणि हात पोटावर घेतले आहेत, हे सिस्टरने मोठ्याने म्हणावे, आणि त्यानंतरच भूलतज्ज्ञाने ‘एक, दोन, तीन’ मोजावे.