डिसेंबरची पणजी की जानेवारीची मुंबई?

दिवाळी झाली की चित्रं बघणाऱ्या आमच्या कंपूत हा वाद निघतोच. रजा एकदाच मिळणार, खिसाही एकदाच हलका होणार, मग जायचं कुठं? आपल्या कोल्हापुरात शाहू स्मारकात निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं वर्षभर बघायला मिळतात, आणि चांगली मिळतात. पण सिनेमाची पोस्टरं, कॅलेंडरातले देव, जत्रेतल्या कहाण्या, घरच्या जुन्या आठवणी यांचं आजचे कलावंत काय करतात हे बघायचं तर गाव सोडावं लागतं. मी दोन्हीकडं जाऊन आलोय. दोन्ही चांगलंच आहे, पण दोन्हीला सारखे गुण मी देणार नाही.

कोचीचं बिएनाले, म्हणजे आजच्या कलेचं तिथलं मोठं प्रदर्शन, यात धरलेलं नाही. ते दोन वर्षांतून एकदा, डिसेंबरपासून पुढं तीनेक महिने चालतं. २०१४ला जितिश कल्लाट आणि २०१६ला सुदर्शन शेट्टी, असे मुंबईचेच कलावंत तिथं क्युरेटर, म्हणजे कामं निवडून मांडणारे, होते. बघावंच असं आहे. पण ते शनिवार-रविवारात बसत नाही, त्याला आठवडा काढावा लागतो. तो विषय वेगळा.

पणजीला जायला कारणं भरपूर. सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल २०१६पासून तिथं डिसेंबरात भरतो. नाव नोंदवलं की प्रवेश मोफत. जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीसारख्या ऐसपैस जागा, एका दालनात हस्तकला, पलीकडं छायाचित्रं, संध्याकाळी नाटक नाहीतर गाणं. चित्रकार वरच्या पंक्तीला आणि विणकर, कुंभार खालच्या, असला भेद तिथं फारसा जाणवत नाही, हे मला फार आवडलं. घरच्यांना घेऊन जायचं असेल तर याला तोड नाही. चित्रांचा कंटाळा आला त्याला चार पावलांवर मांडवी आहे, मासे आहेत.

शिवाय वाटेत एक लाभ आहे. गोव्याला आंबोलीनं उतरायची आपली सवय. त्याऐवजी फोंडा घाटानं किंवा गगनबावड्यावरनं उतरा आणि कुडाळजवळच्या पिंगुळीला थांबा. ठाकर समाजाची चित्रकथी तिथं टिकून आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्या कुटुंबानं तिथं ठाकर आदिवासी कला आंगण हे छोटंसं संग्रहालय उभं केलंय. चित्रकथीत सुट्या पानांची पोथी असते. एकेक पान उभं धरायचं आणि वीणा-टाळाच्या साथीनं गोष्ट गात गात पुढच्या पानावर जायचं. रामायण-महाभारतच, पण आपण पुस्तकात वाचलेल्यापेक्षा वेगळ्या वाटेनं जाणारं. शेजारी कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्याही आहेत. कुठल्याही मोठ्या प्रदर्शनातली 'लोककथेवर आधारित' अशी पाटी वाचायच्या आधी इथं तासभर बसावं. मग पुढची कामं बरोबर तोलता येतात. काही टिकतात. काहींनी फक्त नक्षी उचललीय, हे लगेच दिसतं.

एवढं सगळं पणजीच्या बाजूनं असताना मुंबई कशाला, असं कुणीही विचारेल.

मुंबईचे तोटे आधी मोजतो. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी लवकर सीएसएमटीला सोडते आणि गॅलऱ्या उघडतात अकराच्या सुमाराला. तोवर चहा पीत फिरायचं. खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद, एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय, सोमवारी बंद. म्हणजे शुक्रवारी रात्री निघालात तर हातात खरा शनिवारच. जानेवारीत गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी रविवारीही दार उघडं असतं, तो मुहूर्त साधावा. जहांगीर आर्ट गॅलरीचं तसं नाही, तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार असतात आणि रविवारी सुखानं बघता येतात. बाकीच्या गॅलऱ्यांचं दार मात्र आपल्यासारख्याला पहिल्यांदा जड जातं. जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, आत चिटपाखरू नाही. आपण काही विकत घेणार नाही हे आपल्या चपलांवरनंच कळत असेल असं वाटत राहतं. कुणी काही विचारत नाही, तिकीटही नसतं. पण तो संकोच खरा आहे.

आणखी एक. पणजीत एक दालन पटलं नाही तर पुढं दहा आहेत. मुंबईत त्या आठवड्यात जे लागलंय तेच. निवड चुकली तर रात्रभराचा प्रवास करून पांढऱ्या भिंती बघून परत.

तरीही या जातीच्या चित्रांचं एक मोठं मूळ मुंबईत आहे. भूपेन खख्खर जन्मानं मुंबईचे, पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, पुढं बडोद्याला गेले आणि कॅलेंडर आणि ओलिओग्राफ, म्हणजे छापील तैलचित्रं, यांच्या गडद रंगांत न्हावी आणि घड्याळ दुरुस्त करणारा रंगवू लागले. मुंबईचे चित्रकार अतुल दोडियांनी दुकानाचं पत्र्याचं शटरच कॅनव्हास म्हणून घेतलं. शटर खाली असताना कॅलेंडरातली लक्ष्मी. वर उचललं की मागं हुंड्यापायी जीव दिलेल्या बहिणी. महाद्वार रोडवर सकाळी शटरं वर जाताना रोज बघणाऱ्या माणसाला या कामाची वेगळी फोड करून सांगावी लागत नाही. बाबुराव पेंटरांनी आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली त्या गावचे आपण. पोस्टर आणि चित्र यांत भिंत असते, हेच आपल्याला उशिरा कळलं.

आठवणींचं म्हणाल तर तिथंही मुंबईचं पारडं जड आहे. चित्रकार सुधीर पटवर्धनांच्या आजवरच्या कामाचं सिंहावलोकन करणारं प्रदर्शन २०१९च्या अखेरीला एनजीएमएत लागलं होतं. गिरण्या, लोकल, इराणी हॉटेलं, चाळींच्या जागी उठलेले टॉवर. आपल्या जिल्ह्यातनं गिरणीत गेलेला चुलता-मामा ज्याच्या घरात होता, त्याला त्या चित्रांत नुसतं शहर दिसत नाही.

पण एवढ्यानंही माझा कौल मुंबईकडं गेला नसता. तो गेला एका फार बारीक तक्रारीवरनं.

लोककथा आणि आठवण या विषयांवरचं आजचं बरंचसं काम व्हिडिओत असतं. ओव्या म्हणणारी बाई, बंद पडलेलं थिएटर, धरणाखाली गेलेलं गाव. काळा पडदा सारून अंधारात शिरायचं. बाक एकच, तोही भरलेला. फिल्म किती मिनिटांची ते पाटीवर लिहिलेलं, पण सुरू कधी झाली आणि आता कुठवर आलीय याचा पत्ता नाही. अशाच एका मोठ्या प्रदर्शनात, कुठलं ते जाऊ दे, पडद्यावर एक म्हातारी देवीची कहाणी सांगत होती. मी शिरलो तेव्हा देवी रुसून निघून गेली होती. का रुसली, ते कळायला पुढची फेरी गाठणं भाग होतं. शेजारच्या दालनातला ढोल भिंतीतून येऊन म्हातारीच्या आवाजावर बसत होता. दारातल्या स्वयंसेवक पोराला विचारलं, पहिल्यापासून कधी लागेल? तो अदबीनं म्हणाला, "सर, सतत चालूच असतं." त्याचा काही दोष नव्हता. थांबलो. आधी शेवट बघितला, मग श्रेयनामावली, मग सुरुवात. देवी का रुसली ते समजलं तेव्हा ती परत येणार हे मला ठाऊक होतं. माझ्याबरोबरची माणसं तोवर बाहेर जेवायला गेली होती.

गण-गवळण हुकवून थेट वगात येऊन बसावं, तसं हे होतं. सिनेमाच्या पाट्या पडायच्या आत खुर्चीत असायचं, असं ज्या गावाचं वळण, तिथल्या माणसाला हे जास्तच टोचतं की काय कोण जाणे. काही कलावंतांना हेच हवं असतं, गोष्टीला आदि-अंत नको असतो, हेही मान्य. नलिनी मलानींच्या कामात फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर मागच्या बाजूनं रंगवलेली चित्रं असतात, त्यांच्या सावल्या भिंतींवरनं सरकत राहतात. २०१२च्या 'डॉक्युमेंटा' या मोठ्या कलाप्रदर्शनात, जर्मनीतल्या कासेलला, त्यांनी असंच काम मांडलं होतं. अशा कामात कुठूनही शिरा, बिघडत नाही. पण कहाणी सांगणारी बाई कहाणी सांगत असते. तिला पहिल्यापासून ऐकायचा मान द्यायला हवा.

मुंबईत एका गॅलरीत मी एकटाच होतो. पडद्यासमोर घुटमळताना बघून टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "पहिल्यापासून लावू का?" लावली, वर खुर्चीही दिली. फिल्म तशी बेताचीच निघाली. पण ती बेताची आहे असं म्हणण्याइतकी मी ती बघितली होती. गर्दीच्या जागी मला तेवढंही म्हणता आलेलं नाही.

हा माझ्या नशिबाचाही भाग असेल. उद्घाटनाच्या संध्याकाळी याच गॅलऱ्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि चित्रांपेक्षा पाठीच जास्त दिसतात. पोरंबाळं बरोबर असतील, किंवा एका फेरीत सगळ्या कलांची चव हवी असेल, तर पणजीच बरी. गाडीनं चौघं गेलात तर खर्चही कमी पडतो. एकटे किंवा दोघंच असाल, आणि थोडंच पण नीट बघायचं असेल, तर मी महालक्ष्मीचं तिकीट काढा म्हणेन. पिंगुळी त्यानं हुकत नाही. ती कुठल्याही रविवारी जाऊन येण्यासारखी आहे, तिला डिसेंबर लागत नाही. फक्त निघायच्या आधी फोन करावा, म्हणजे कुणी गाऊन दाखवायला आहे का ते कळतं.

मुंबईलाही निघायच्या आधी गॅलरीला फोन करून काय लागलंय, त्यात व्हिडिओ किती मिनिटांचा आहे, एवढं विचारून घ्या. बिनदिक्कत सांगतात. आणि पणजीचंच ठरलं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दालनं उघडायच्या वेळेला दारात उभे राहा आणि चित्रं नंतर ठेवून आधी अंधाऱ्या खोल्या गाठा. यंत्र तेव्हाच सुरू करतात, म्हणजे निदान पहिली फिल्म तरी पहिल्यापासून मिळते.