पीआरके केल्यानंतरचे महिने: गोव्याच्या उन्हात काय सांभाळावं लागतं

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझर शस्त्रक्रियांपैकी लॅसिक, स्माइल की पीआरके हे जाहिरात बघून ठरवू नका. आधी पेंटाकॅमचा (डोळ्याचा नकाशा काढणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट मागून घ्या आणि कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी बघा. मऊ लेन्स वापरत असाल तर त्याआधी एक-दोन आठवडे बंद ठेवा, नाहीतर मोजमाप चुकतं.

लेझरने साडेसहा मिलिमीटरच्या भागात एका नंबरमागे कॉर्नियाचे साधारण १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतात. जाडी ४९० आणि नंबर उणे ६ असेल तर ८४ गेले. लॅसिकचा फ्लॅप (लेझरसाठी उचलायची वरची चकती) ११० धरला तर खाली २९६ उरतात. २५० ही किमान मर्यादा मानतात, पण ३००च्या खाली जाऊच नये असं माझं ठाम मत आहे. पातळ झालेला कॉर्निया पुढे फुगू लागला तर चष्म्यानेही नीट दिसत नाही. पीआरकेत फ्लॅपच नसतो. वरचा ५० मायक्रॉनचा थर काढतात, तो परत येतो. खाली ३५६ शाबूत राहतात. फुटबॉल खेळणाऱ्यांना फ्लॅप सरकण्याची धास्तीही नाही.

पहिले तीन दिवस मात्र डोळे चुरचुरतात, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. जखमेवर बसवलेली बँडेज लेन्स चार-पाच दिवसांनी डॉक्टरच काढतात. नजर हळूहळू स्थिरावते. बारीक अक्षर स्वच्छ दिसायला महिना सहज जातो.

खरी कसोटी स्टिरॉइड ड्रॉप्सची. दिवसातून चार वेळा, मग दर महिन्याला एक वेळ कमी, असा साधारण क्रम असतो. दिसायला लागलं की लोक ड्रॉप्स सोडतात, आणि तिथेच घात होतो: भरणाऱ्या जागी पांढुरकं धुकं धरतं. अतिनील किरण ते वाढवतात. आपल्याकडे किनाऱ्यावर वाळू आणि पाण्यावरूनही ऊन डोळ्यांत येतं, म्हणून कडेने झाकणारा यूव्ही ४०० गॉगल ढगाळ दिवशीही हवाच. याच ड्रॉप्समुळे डोळ्यातला दाब वाढू शकतो. तो दर भेटीत मोजायला सांगा.

कोरडेपणा तीन ते सहा महिने रेंगाळतो. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रू-ड्रॉप्स घ्या. छोटी कुपी उघडली की उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. झोपताना जेल घातलं तर पहाटे पापणी चिकटून टोचत नाही. पंख्याचा झोत तोंडावर नको, स्कूटरवर हेल्मेटची काच खाली.

महिनाभर समुद्र, पूल बंद. शस्त्रक्रिया मे-जूनमध्ये असेल तर त्या सांजावला (२४ जूनच्या गोव्यातल्या सणाला) विहिरीत उडी नाही. साचलेल्या पाण्यातला अमिबा कॉर्निया पोखरतो. चाळिशीचा वाचायचा चष्मा यातल्या कुठल्याच शस्त्रक्रियेने कायमचा टळत नाही, हेही आधीच विचारून घ्या.